केस गळतायत? तेल बदलायच्या आधी हे तपासा

आमच्या भागात नळाला पाणी आलं की दोन कामं ठरलेली: पिंपं भरायची आणि डोक्यावरून न्हायचं. सोलापुरात वर्षानुवर्षं पाणी तीन-चार, कधी पाच दिवसांआड, त्यामुळं केस धुणंही पाण्याच्या पाळीला बांधलेलं. दुसऱ्या दिवशी मी पार्लरचं शटर वर करते तोवर कुणीतरी पायरीवर येऊन बसलेली असते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत गुंतवळ. "ताई, बघा की किती गेले. कुठलं तेल लावू?"

पार्लरला बावीस वर्षं झाली. पहिली आठ-दहा वर्षं मी या प्रश्नाला तेलाचं नाव सांगायचे, वर बाटलीही विकायचे. आता विकत नाही. माझे स्वतःचे केस तीनदा गळाले: मुलगी झाल्यावर, डेंग्यू झाल्यावर आणि आता सत्तेचाळिशी उलटल्यावर. गळती तिन्ही वेळा होती, कारणं मात्र तीन निघाली. पहिल्या दोन वेळी मी हात जोडून गप्प बसले असते तरी केस परत आले असते. तिसऱ्या वेळी गप्प बसले, तेच चुकलं.

मी डॉक्टर नाही. कुठं थांबून डॉक्टर गाठायचा ते शेवटी स्पष्ट लिहिलंय. पण त्याआधी घरच्या घरी, बिनपैशात बरंच कळतं. म्हणून क्रम फुकटापासून महागाकडं लावलाय. मधली तपासणी गाळू नका, कारण पुढच्या तपासणीचा अर्थ मागचीवरून लागतो.

आधी तक्रार ओळखा

"केस गळतात" या दोन शब्दांत बायका निदान सहा वेगळ्या गोष्टी सांगत असतात. आपली कोणती ते बघा.

- सगळ्या डोक्यातून मूठमूठ केस येतात. अचानक सुरू झालं, कधी ते आठवतंय. भांग मात्र पूर्वीइतकाच.
- कंगव्यात फार दिसत नाहीत, पण भांग रुंद झाला, वेणीची शेपटी झाली. रबराला पूर्वी दोन वेढे पुरायचे, आता चार लागतात.
- कानशिलावर आणि कपाळाच्या कडेला विरळ, मागं दाट.
- एकाच जागी रुपयाएवढा गोल, तुळतुळीत डाग. आपल्याकडं याला चाई म्हणतात.
- केस मुळातून येत नाहीत, मधेच तुटतात. वरचे केस तारेसारखे उभे.
- गळण्याबरोबर टाळूला खाज, आग, खपल्या, पू किंवा दुखणं.

चौथी किंवा सहावी तक्रार असेल तर खालच्या तपासण्यांत वेळ घालवू नका, सरळ "इथं थांबा" या भागाकडं जा. नुसता कोंडा असेल तर चौथी तपासणी बघा.

तपासणी १: गुंतवळ पसरा (खर्च शून्य)

घरातला पांढरा टॉवेल घ्या. सोलापुरात पांढरा टॉवेल नाही असं घर सापडायचं नाही. त्यावर गुंतवळ पसरून उजेडात बघा.

पहिली गोष्ट, टोक. केसाच्या एका टोकाला मोहरीहूनही बारीक, पांढुरका ठिपका दिसला तर तो केस मुळातून, आपली मुदत संपवून आलाय. दोन्ही टोकांना ठिपका नसेल तर तो तुटलाय. हा फरक सगळ्यात आधी बघायचा, कारण तुटणाऱ्या केसांचा दोष बाहेर असतो, म्हणजे ड्रायर, केमिकल, कंगवा. मुळातून येणाऱ्यांचा दोष बहुतेक वेळा शरीराच्या आत असतो. तुटणाऱ्या केसांसाठी रक्त तपासत बसलात तर पैसे पाण्यात. तो पांढरा ठिपका बघून "मूळच निघून आलं" म्हणून रडणाऱ्या मुली मी पाहिल्यात. ते मूळ नव्हे. मूळ कातडीच्या आतच असतं आणि तिथूनच नवा केस येतो.

दुसरी गोष्ट, लांबी आणि जाडी. सगळे लांब आणि पूर्वीइतकेच जाड असतील तर बरं. त्यात बोटभर लांबीचे, लोकरीसारखे मऊ, बारीक केस बरेच दिसले तर केस वाढायच्या आधीच गळतायत आणि दर खेपेला आणखी बारीक होऊन उगवतायत. त्याबद्दल आठव्या तपासणीत.

तिसरी गोष्ट, आकडा. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० गळणं हा नेमाचा भाग आहे. आता हिशेब करा. चार दिवसांनी न्हायलात आणि मधे नीट विंचरलं नाही, तर चार दिवसांचे अडकून राहिलेले केस एकाच दिवशी हातात येतात, दोनशे ते चारशे. लांब केस असले की त्याचा लिंबाएवढा गोळा होतो आणि छातीत धस्स होतं. पिशवी घेऊन येणाऱ्यांतल्या कित्येक जणींना मी एवढंच समजावून, चहा पाजून परत पाठवलंय. पुण्याला सासरी गेलेली एक मुलगी तर म्हणाली, "तिकडं गळत नाहीत, सोलापूरला आले की गळतात." तिकडं ती दिवसाआड केस धुवायची, एवढाच फरक.

खात्री हवी असेल तर ओढून बघा. न्हाऊन दोन दिवस झाल्यावर पन्नास-साठ केसांची बट अंगठा आणि दोन बोटांत धरा, मुळापासून टोकापर्यंत हलक्या हातानं सरकवत आणा. दोन-चार आले तर चालतं. सहाच्या वर आले, आणि डोक्याच्या दोन-तीन जागी तसंच झालं, तर गळती चालू आहे.

तपासणी २: भिंतीवरचं कॅलेंडर (खर्च शून्य)

माझ्या मते सगळ्यात मोलाची तपासणी हीच, आणि हिचाच कुणाला पत्ता नसतो.

केस एकदा उगवला की दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते आणि पुढचे सुमारे तीन महिने तो नुसता जागेवर बसून राहतो. त्यानंतर गळतो. शरीराला जोराचा दणका बसला की वाढणारे बरेच केस एकदम थांबतात, पण गळत नाहीत लगेच. दोन-तीन महिने डोक्यावर बसून राहतात आणि मग सगळे एकदम निघतात. तोवर दणका आपण विसरलेलो असतो आणि बोट ठेवतो परवा बदललेल्या शाम्पूवर.

म्हणून कॅलेंडर काढा. आपल्या घरी त्यावर दुधाचे खाडे, सिलिंडरची तारीख, पाळीची खूण, सगळं असतंच. गळती नवरात्रात सुरू झाली असेल तर आषाढात काय झालं होतं ते शोधा. ताप? टायफॉइड, डेंग्यू, चिकुनगुन्या? ऑपरेशन? बाळंतपण किंवा गर्भपात? घरात कुणी गेलं? लग्नात बारीक दिसायचं म्हणून जेवण तोडलं? गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्या? यांतलं काही सापडलं तर निम्मं कोडं सुटलं.

माझा डेंग्यू श्रावणातला. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला मोरी तुंबली इतके केस गेले. घाबरून मी एक महाग आयुर्वेदिक तेल सुरू केलं. होळीपर्यंत कपाळाजवळ आखूड केसांचं गवत उभं राहिलं. मी श्रेय दिलं तेलाला आणि पुढची तीन वर्षं तेच तेल निदान चाळीस जणींना विकलं. अशी गळती साधारण सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते हे मला नंतर कळलं. त्या चाळिसांतल्या बहुतेकींचे केस तेलाशिवायही आले असते. ज्यांचे आले नाहीत त्या परत माझ्याकडं आल्या नाहीत, म्हणून तेल चांगलंच असा माझा समज टिकला.

बाळंतपणाचंही हेच. गरोदरपणात केस गळायचेच कमी होतात, म्हणून वेणी जाड वाटते. बाळ दोन ते चार महिन्यांचं झालं की राहिलेले सगळे एकदम जातात. माझ्या सासूबाई म्हणायच्या, बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात. बाळ हसायला लागतं साधारण त्याच सुमाराला, त्यामुळं निरीक्षण पक्कं होतं. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेकींचे केस भरून येतात. आले नाहीत तर मात्र सातवी तपासणी करा, कारण बाळंतपणात रक्त बरंच गेलेलं असतं आणि थायरॉईडही याच काळात बिघडू शकतो.

आणि हो, कपाळावर उभे राहणारे ते आखूड केस स्मूदनिंग करून, म्हणजे केमिकलनं सरळ करून, दाबायला माझ्याकडं आणू नका. नवे आहेत ते. वेणीपर्यंत पोचायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतील.

तपासणी ३: केस बांधता कसे, आणि त्यांना काय काय लावलंय

कानशिलं विरळ होतायत त्यांनी आरसा जवळ घ्यावा. कडेला बारीक लव शिल्लक आणि तिच्यामागं मोकळी पट्टी, असं दिसलं तर केस ओढले जातायत. ताणून बांधलेला आंबाडा, रोजचं गंगावन, जड गजरा एकाच जागी खोचणं, शाळेच्या दोन घट्ट वेण्या आणि रिबिनी. आमच्याकडं आईच सकाळी मुलीचे डोळे तिरपे होईस्तोवर वेणी आवळते. संध्याकाळपर्यंत टिकावी म्हणून. वेणी सोडल्यावर टाळू दुखत असेल तर ती घट्टच होती.

लवकर सैल केलं तर हे केस परत येतात. वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर मूळ कायमचं मरतं आणि मग कशानंही येत नाहीत. म्हणून ही तपासणी इतक्या वर. दुरुस्ती फुकट आहे, पण मुदतीची आहे.

तुटणाऱ्या केसांबद्दल माझ्या पदरचं सांगते. लग्नाआधी एक मुलगी स्मूदनिंगला आली. केस आधीच मुळातून गळत होते, हातात येत होते. मी बघितलं आणि तरीही केलं, कारण सीझन होता आणि पैसे चांगले मिळणार होते. दीड महिन्यात तिचे उरलेले केस मधून तुटायला लागले. तिची आई दुकानात येऊन जे बोलली ते मी कमावलेलं होतं. नंतर कळलं की तिचा थायरॉईड बिघडलेला होता, गळती त्याची, तुटणं माझं. तेव्हापासून ओढून बघितल्याशिवाय मी केमिकल उघडत नाही. तुमच्या पार्लरवालीला तुम्हीच आधी विचारा, आणि टाळाटाळ करते असं वाटलं तर उठून या.

तपासणी ४: पाणी, तेल, कोंडा

बोअरचं पाणी जड असतं. बादलीला पांढरा थर येतो तोच केसांवरही बसतो. केस राठ होतात, गुंततात, तुटतात, पण अशा पाण्यानं केस मुळातून गळत नाहीत. शेवटचे दोन तांबे नळाच्या साठवलेल्या पाण्याचे घ्या, फरक पडतो. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांना आठवड्याभरात टक्कल पडायला लागलं, तेव्हा आधी पाण्यावरच संशय गेला. नंतर रक्तात सेलेनियम जास्त सापडल्याच्या बातम्या आल्या. त्या दिवसांत माझ्याकडं रोज कुणी ना कुणी "आपल्याही पाण्यात तेच आहे का?" विचारत यायची. बुलढाण्यात गावंच्या गावं एकदम आजारी होती. तुमच्या घरात तेच पाणी वापरणाऱ्या पाचांपैकी तुमचेच केस जात असतील तर पाण्याला सोडा.

तेल: खोबरेल केसाच्या आत थोडं मुरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. माका, जास्वंद, आवळा घालून उकळलंत तरी काम मुख्यतः तेवढंच. मुळाशी नवा केस उगवत नाही. लावायला आवडतं तर लावा. पण कोंडा असेल तर तेलानं तो वाढतो, कारण ज्या बुरशीमुळं कोंडा होतो ती तेलावरच जगते. मेडिकलमधून केटोकोनॅझोलचा शाम्पू आणा, आठवड्यातून दोनदा, फेस टाळूवर पाच मिनिटं ठेवून धुवा. महिनाभरात कोंडा हटला नाही तर तो कोंडा नसावा. डॉक्टरला दाखवा.

तपासणी ५: ताट आणि चहा

शहराच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या अक्का माझ्याकडं येतात, स्वतःसाठी कमी, मुलींसाठी जास्त. सकाळी चहा, पानं कातरताना चहा, दुपारी सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात-आमटी, संध्याकाळी माल देऊन आल्यावर परत चहा. एकीला मी विचारलं, पाळीला किती दिवस जातं? म्हणाली, "आठ. का की, सगळ्यांना तेवढंच असतंय की." सगळ्यांना तेवढं नसतं. आठ-आठ दिवस अंगावर जात असेल, गाठी पडत असतील, तर शरीरातलं लोह दर महिन्याला वाहून जातं आणि ताटातून ते भरत नाही. केस शरीराच्या लेखी चैन आहे. रक्त कमी पडलं की पहिली कात्री तिथं लागते.

हे अक्कांपुरतं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. जुळे सोलापूर या नव्या वस्तीतल्या, डाएट करणाऱ्या मुलीही त्यात आहेत.

काय करायचं? चहा जेवणाच्या आगेमागे तासभर दूर ठेवा, तो जेवणातलं लोह शोषू देत नाही. पालेभाजी, मटकी, हुलगे, त्यावर लिंबू पिळा. खात असाल तर अंडी, मटण. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी चांगलीच, पण रोज दोन्ही वेळा तेवढ्यावर भागवू नका, सोबत वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ हवी. केस प्रथिनाचा बनतो. आणि पाळीला जास्त जात असेल तर आधी त्याचा इलाज, नाहीतर खालून भोक असलेल्या पिंपात पाणी ओतत राहाल.

तपासणी ६: औषधांचा डबा

रक्त पातळ करणाऱ्या, ब्लडप्रेशरच्या काही, फिट्सच्या काही, मुरमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या, संधिवाताच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांनी काही जणींचे केस गळतात. गोळी सुरू केल्याची तारीख आणि गळतीची तारीख जुळवून बघा. जुळली तरी स्वतः गोळी बंद करू नका. फिट्सची गोळी केसांसाठी सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. लिहून देणाऱ्या डॉक्टरला सांगा, बरेचदा पर्याय असतो.

केसांच्या गोळ्या आणि गमीही याच डब्यात बघा. बहुतेकांत बायोटिन असतं. त्याची कमतरता फार क्वचित असते. शिवाय "अ" जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तर केस उलट गळतात, तेव्हा दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या एकत्र खाऊ नका.

तपासणी ७: रक्त (इथून पैसे लागतात)

वरच्या सहांत कारण सापडलं नाही, किंवा सापडून सहा महिने झाले तरी गळती थांबली नाही, तर रक्त तपासा. लॅबवाले मोठं पॅकेज गळ्यात मारतात. सुरुवातीला एवढंच पुरे: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईडची तपासणी). शाकाहारी असाल तर बी-१२. डॉक्टरनं सांगितलं तर "ड" जीवनसत्त्व.

फेरिटिन का? हिमोग्लोबिन म्हणजे हातातला पैसा, फेरिटिन म्हणजे बँकेतला. हिमोग्लोबिन १२ च्या वर, रिपोर्टवर सगळं "नॉर्मल", आणि बँक रिकामी, अशा बायका मी खूप पाहिल्यात. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर केसांसाठी लोह भरून काढावं असं बरेच त्वचारोगतज्ज्ञ मानतात. पण ताप किंवा कुठली सूज असताना हा आकडा खोटाच वर जातो, म्हणून आजारातून उठल्या उठल्या तपासू नका. लोहाच्या गोळीनं शौच काळी होते, घाबरायचं कारण नाही.

बायोटिन खात असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबमध्ये सांगा. त्यानं थायरॉईडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

आता पार्लरमधलं एक गुपित. मला बऱ्याचदा रिपोर्टच्या आधी संशय येतो, तो दोऱ्यामुळं. आयब्रो करताना भुवईचं बाहेरचं टोक, कानाकडचा तिसरा हिस्सा, आपोआप गायब व्हायला लागलेला दिसला, सोबत वजन वाढलेलं, मे महिन्यातल्या ४२ अंशांतही ही बाई पंखा बारीक करा म्हणते, तर मी टीएसएच करायला सांगते. दुसरा दोरा हनुवटीचा. पूर्वी महिन्यानं यायची ती आता आठ दिवसांनी हनुवटी करायला येते, मुरमं आहेत, पाळी दोन-दोन महिने चुकते आणि डोक्यावरचे केस मात्र विरळ. ही बहुतेक पीसीओडीची, म्हणजे हार्मोनच्या बिघाडाची गोष्ट. तिथं त्वचेच्या डॉक्टरबरोबर बायकांची डॉक्टरही लागते. मुलीला हे तिच्या आईसमोर सांगायचं की एकटीला, एवढाच माझा प्रश्न असतो. मी एकटीलाच सांगते.

तपासणी ८: भांग

डोक्याच्या मधोमध भांग पाडा. कपाळाजवळच्या आणि मागच्या भांगाची रुंदी ताडून बघा. पुढचा भांग रुंद, कपाळाची कड मात्र जागेवर, असं असेल तर ही बायकांची आनुवंशिक विरळता असू शकते. पुरुषांना कपाळ मागं सरकून टक्कल पडतं, बायकांना भांगापासून टाळू उघडी पडत जाते. लुडविग नावाच्या डॉक्टरनं १९७७ मध्ये तिच्या तीन पायऱ्या मांडल्या, अजून त्याच वापरतात. आईकडून येते तशी वडिलांकडूनही येते. विशीतही सुरू होऊ शकते, पाळी जाण्याच्या सुमारास जास्त दिसते.

दर महिन्याला एकाच तारखेला, एकाच खिडकीजवळ, कोरड्या केसांचा भांगाचा फोटो काढा. आरसा रोज बघून काही कळत नाही. माझा तिसरा दोष हाच. "डेंग्यूचे आले तसे हेही येतील" म्हणत मी दोन वर्षं वाट बघितली आणि भांग बोटभर झाला. ही गळती आपोआप थांबत नाही. वाट बघणं इथं महागात पडतं.

यावर सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. मुळात ब्लडप्रेशरची गोळी होती, खाणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून डोक्याला लावायचं औषध झालं. अमेरिकेत बायकांसाठी १९९१ मध्ये मंजूर झालं. मेडिकलमध्ये मिळतं म्हणून परस्पर सुरू करू नका. गरोदर आहात, बाळाला पाजताय, तर चालत नाही. पहिल्या काही आठवड्यांत गळती उलट वाढते, नव्वद टक्के बायका तिथंच घाबरून सोडतात असं मला वाटतं, निदान माझ्याकडच्या तरी. फरक दिसायला चार ते सहा महिने, आणि बंद केलं की काही महिन्यांत मूळ पदावर. एवढं झेपेल का ते डॉक्टरसमोर बसून ठरवा. नवऱ्याच्या टकलाची फिनास्टराइडची गोळी स्वतः खाऊ नका, मूल होण्याच्या वयात तर मुळीच नाही, पोटातल्या बाळाला धोका असतो.

इथं थांबा, डॉक्टर गाठा

पुढचं काही दिसलं तर घरचे उपाय आणि पार्लर दोन्ही बंद:

- चाई. गोल, गुळगुळीत डाग. शरीर आपल्याच केसांच्या मुळांवर उलटतं, किड्यानं खाल्लेलं नसतं. लसूण घासून कातडं भाजून आलेल्या मुली पाहिल्यात. काहींची आपोआप भरते, पण पसरतेय का हे डॉक्टरनंच ठरवावं.
- टाळूचा भाग चकचकीत, केसांची छिद्रंच दिसत नाहीत, आग किंवा दुखणं. तिथं मूळ मरतंय, आणि गेलेलं मूळ परत मिळत नाही. हे सगळ्यात घाईचं. आठवडाही काढू नका.
- पाळी गेल्यानंतर कपाळाची कड मागं सरकतेय आणि भुवयाही जातायत.
- लहान मुलाच्या डोक्यात खपल्या आणि तुटके केस. बहुतेक नायटा. नुसत्या मलमानं जात नाही, पोटातून औषध लागतं, आणि घरात इतरांना होतो.
- गळतीबरोबर गालावर लाल चट्टा, सांधेदुखी, तोंडात फोड, बारीक ताप.
- आवाज घोगरा होणं, अंगावर भराभर केस येणं.
- सहा महिने उलटले, कारण सापडत नाही.

डॉक्टर म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ. पाटीवर डिग्री वाचा. "हेअर स्पेशालिस्ट" एवढंच लिहिलं असेल तर पुढचं दार बघा. परवडत नसेल तर सिव्हिलला केसपेपर काढून त्वचारोग ओपीडीत बसा, वेळ जातो पण बघतात नीट. पीआरपीची इंजेक्शनं (आपल्याच रक्तातला भाग काढून टाळूत टोचतात) आणि केसरोपण हे शेवटचे उपाय. पहिल्याच भेटीत, रक्ताचा रिपोर्ट न बघता कुणी त्याचं पॅकेज सांगत असेल तर पर्समधून हात बाहेर काढा.

जाताना हे न्या: दर महिन्याचे भांगाचे फोटो, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि कॅलेंडरवरून काढलेल्या तारखा. त्या दिवशी डोक्याला तेल नको आणि भांगात काळी पावडर नको, टाळू दिसत नाही. केस बांधून गेलात तरी तिथं सोडावे लागतील, पिना मोजक्याच लावा.

आणि गुंतवळीची पिशवी आधी माझ्याकडं आणलीत तर मी टॉवेलवर पसरून मोजून देते, त्याचे पैसे घेत नाही. बघून झालं की फेकू नका. केसांवर भांडी देणारी आमच्या गल्लीत मंगळवारी येते.